शेळी नव्हती याचा दाखला

पत्राच्या तिसऱ्या मुद्द्यात ‘शेळी’ हा शब्द चार वेळा आला होता. प्राचार्यांनी पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

“मॅडम, ‘शेळी अथवा तत्सम प्राणी’ असं लिहिलंय. तत्सम प्राणी म्हणजे?”

“मेंढी असावी सर.”

“आणि आपल्या कॉलेजचा नि शेळीचा संबंध काय?”

तो मी पत्रात वाचून घेतला. पुण्याच्या समितीचं म्हणणं असं होतं, की तृतीय वर्ष कला शाखेतल्या सुवर्णा नावाच्या मुलीने मनगटावर बांधायचा बँड शेळीला बांधला आणि खोटी पावलं नोंदवली. सात दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर प्रकरण गैरप्रकार म्हणून शिस्तपालन समितीकडे जाईल, आणि तोवर तिचा परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नाही. अर्जाची शेवटची तारीख दहा दिवसांवर होती. म्हणजे शेळीचं उत्तर मिळालं नाही तर पोरीचं वर्ष गेलं.

मी भोरच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. नाव भारदस्त आहे, काम शिट्टी वाजवण्याचं. एके काळी खो-खोत जिल्हा गाजवला होता, आता माझे गुडघेच मला खो देतात. अशा बाईकडे त्या वर्षी प्राचार्यांनी एक उपक्रम सोपवला. विद्यार्थ्यांची शारीरिक हालचाल आणि त्यांचा मानसिक ताण यांचा संबंध तपासायचा. हालचाल वाढली की ताण कमी होतो, हे मी स्वतः वर्गात शिकवते आणि ते खरंही आहे. त्यामुळे मी खुशीत हो म्हटलं.

सुरुवात फॉर्मने झाली. ‘तुम्ही कोणता व्यायाम करता?’ पुढे चौकोन होते. जिम, योगासनं, झुंबा, सायकलिंग, स्विमिंग, मॉर्निंग वॉक. सगळ्यात शेवटी ‘यापैकी काहीही नाही’. आमची निम्मी मुलं भाटघर धरणाच्या मागच्या आणि वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांतून येतात. त्यांनी फॉर्म प्रामाणिकपणे वाचला आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. सकाळी डोंगर उतरून कॉलेजला येणं आणि संध्याकाळी चढून घरी जाणं याला आमच्याकडे कुणी व्यायाम म्हणत नाही. व्यायाम रिकामपणी करायचा असतो.

फॉर्म पुण्याला गेले. उत्तर आलं की आमचं कॉलेज चिंताजनक आहे. चाळीस मुलांचा ‘निष्क्रिय गट’ ठरला. त्यांना मनगटी बँड आले आणि मला आदेश आला की या मुलांना मधल्या सुट्टीत मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावा.

मी लावल्या. सुवर्णा त्या गटात होती. सडपातळ, सावळी, न बोलणारी मुलगी. डबा अर्धवट टाकून यायची आणि मुकाट चालायची. मी सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि तिला ओरडायचे, “हात हलव, हात. मेल्यासारखी काय चालतेस?” तीन आठवडे मी हे केलं. या तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तू येतेस कुठून. त्याची मला आजही लाज वाटते.

आता बँड काय करतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हाताला हिसका बसला की तो एक पाऊल मोजतो. तुम्ही उंच चढलात तर हवेच्या दाबावरून त्याला ते कळतं, आणि तो ती उंची मजल्यांमध्ये सांगतो. नाडीच्या ठोक्यांवरून तो ताणाचा अंदाजही बांधतो. ताण कमी असेल तर हिरवी रेघ, मध्यम असेल तर पिवळी, जास्त असेल तर लाल. दर सोमवारी मुलं माझ्या टेबलाशी यायची, माझ्या मोबाईलमध्ये बँडमधल्या नोंदी उतरायच्या आणि तिथून त्या पुण्याला जायच्या. मी त्या बघत नव्हते. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाने आकडे कशाला बघायचे?

पुण्याचे समन्वयक डॉ. सबनीस मात्र बघत होते. त्यांचा फोन पत्राच्या दुसऱ्याच दिवशी आला.

“मॅडम, ही मुलगी रोज वीस हजारांच्या वर पावलं चालते. निष्क्रिय गटातली मुलगी. आणि मागच्या रविवारी ती एकशे बारा मजले चढली आहे.”

“बरं.”

“बरं काय? भोरमध्ये एवढ्या उंच इमारती आहेत का?”

भोरमध्ये पाचवा मजला शोधायचा तर विचारत फिरावं लागेल. मी तसं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “म्हणजेच. आमच्या टीमने चर्चा केली. ग्रामीण भाग आहे, घरी शेळ्या आहेत असं तिच्या फॉर्मवरच आहे. दुसरं काय असणार?”

मी सुवर्णाला बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं.

“बांधला होतास का शेळीला?”

“न्हाई मॅडम.”

“मग तू शेळीला बांधला नाहीस हे कसं सिद्ध करायचं?”

“मॅडम, बांदला असता तर शेळीनं खाल्ला असता. बँड हाय की अजून.”

तिने मनगट पुढे केलं. इतका सरळ युक्तिवाद मी कुठल्याच चौकशीत ऐकलेला नाही. मी तो खुलाशाचा पहिला मुद्दा म्हणून लिहिला. प्राचार्यांनी तो खोडला.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, वरीस गेलं तर आण्णा परत धाडणार न्हाईत. थोरलीला धावीतनंच बसवली घरी. मला म्हनले, सरळ पास व्हत गेलीस तरच. अडली की शेळ्यांमागं.” ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

प्राचार्य भला माणूस, पण कागदाशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. ते म्हणाले, “शेळी नव्हती असा दाखला आणा. खुलाशाला जोडू.” मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी माझं नीट ऐकून घेतलं.

“मॅडम, शेळी हाय असा दाखला देता येतो. किती हायेत त्याचाबी देता येतो. पर शेळी नव्हती, असा नमुनाच न्हाई आमच्याकडं.”

“शेळ्या आहेतच हो. त्या चालत नव्हत्या, एवढंच लिहा.”

“त्या चालत न्हाईत असं कसं लिवू? चालत्यात की.”

तिथून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, शेळी निरोगी असल्याचं प्रमाणपत्र देतो, पण आरोप शेळीवर आहे की मुलीवर ते आधी स्पष्ट करा. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. सातांतले तीन दिवस संपले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मला तोवर फक्त म्हणीतच माहीत होतं. इथे तर चोरीही झाली नव्हती.

आणि तिथे बसल्या बसल्या मला राग आला. समितीचा कमी, माझा जास्त. एवढे कागद गोळा करत फिरले, पण त्या पोरीच्या पावलांमागे एक दिवस चालून बघावं असं काही मला सुचलं नव्हतं. मी तिथूनच सबनीस सरांना फोन लावला.

“सर, येत्या रविवारी या. एक बँड मुलीला बांधू, एक शेळीला. दिवसभर बघू. कुणाची पावलं किती ते समोरच कळेल.”

ते म्हणाले, “म्हणजे शेळी हा कंट्रोल ग्रुप.” कंट्रोल ग्रुप म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गट. औषध तपासायचं तर काहींना औषध देतात, काहींना नाही, आणि फरक बघतात, तसं. मी म्हटलं, “हो, तसंच समजा.” शास्त्रीय शब्द सापडला आणि सर तयार झाले. प्राचार्यांनी एवढंच विचारलं, की शेळीवर प्रयोग करायला परवानगी लागते का.

“सर, तिला फक्त चरायला सोडायचंय.”

“तरी एक अर्ज करून ठेवा.”

मी केला. तो कुणाला उद्देशून लिहायचा ते न कळल्यामुळे माझ्या फाईलमध्येच आहे.

रविवारी पहाटे सबनीस सर नसरापूरवरून गाडीने आले. पांढरेशुभ्र बूट, पाठीवर सॅक, हातात टॅब. भाटघरच्या पाण्याकडेने फाट्यापर्यंत गाडी गेली, पुढे पायवाट होती. सुवर्णा आम्हाला न्यायला खाली आली होती. म्हणजे ती उतरली होती आणि आता पुन्हा चढणार होती. आम्ही तिघं निघालो. सरांनी स्वतःलाही एक बँड बांधला होता. पहिल्या चढावर ते मला व्यायाम आणि ताण यांच्यातला संबंध समजावत होते. दुसऱ्या चढावर ते बोलायचे थांबले. तिसऱ्या चढावर मी आणि ते एकाच दगडावर बसलो आणि सुवर्णा वर उभी राहून आमच्याकडे काळजीने बघत होती.

“कॉलेजच्या दिवशी इथून उतरायला किती वेळ लागतो?” मी विचारलं.

“उतराया सव्वा तास. चढाया दीड. पावसाळ्यात जास्त.”

आम्हाला चढायला अडीच तास लागले.

वर सात घरांची वस्ती. सुवर्णाचे वडील धोंडिबा अंगणात वाट बघत होते. त्यांनी पाणी दिलं, मग चहा दिला आणि मग विचारलं, “काय गुन्हा झाला म्हनायचा आमच्या शेळीचा?”

सरांनी त्यांना समजावलं आणि म्हणाले, “आम्हाला एक सरासरी शेळी हवी आहे.”

“सरासरी म्हंजी?”

“फार चपळ नको, फार आळशी नको. मधली.”

धोंडिबांनी वाड्यातल्या शेळ्यांवरून एकदा नजर फिरवली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक शेळी त्यांनी शिंगाला धरून पुढे आणली. “ही न्या. टिकली. हिला तसं काईच येत न्हाई.”

बँड चालू करायचा तर ॲपमध्ये माणसाची नोंद लागते. सरांनी नाव घातलं, टिकली. लिंग स्त्री. वय दोन घातलं, ते ॲपने घेतलं नाही. मग एकवीस घातलं. उंचीही घेईना, ती सुवर्णाचीच टाकली. पुढच्या खान्यात वर्ग विचारला होता. सरांनी क्षणभर विचार केला आणि ‘तृतीय वर्ष’ निवडलं. “सिस्टिम पुढेच जाऊ देत नाही,” ते मला म्हणाले. “नंतर काढून टाकू.”

मग वाद झाला तो बँड कुठे बांधायचा यावर. सरांचं म्हणणं पायाला. पण पाय चार आहेत, मग एका पायाची पावलं दोनने गुणायची की नाही? ते टॅबवर काहीतरी आकडेमोड करू लागले. धोंडिबा म्हणाले, “पायात नगं सायेब, करवंदीत गुतंल. गळ्यात बांदा.”

“पण चरताना मान हलेल. तीही पावलं म्हणून मोजली जातील.”

“मोजू द्या सर,” मी म्हटलं. “संशयाचा फायदा शेळीला.”

सरांना ते पटलं. एक पट्टा गळ्याला पुरेना म्हणून दोन बँड एकमेकांत अडकवून टिकलीच्या गळ्यात बांधले आणि नऊच्या सुमारास शेळ्या सुटल्या. म्हणजे इतर दिवशी त्या आठला सुटतात, पण त्या दिवशी शास्त्रामुळे उशीर झाला.

दिवसभर मी एका आंब्याखाली बसून बघत होते. टिकली एका झुडपाशी उभी राहून चरायची. ते झुडूप संपलं की पुढच्या झुडपाशी. मधे बसून रवंथ. सुवर्णा मात्र बसत नव्हती. एक शेळी कड्याकडे गेली की तिला वळवायला धाव, दुसरी कुणाच्या नाचणीत शिरली की तिकडे धाव. मधेच झऱ्यावरून पाण्याचा हंडा घेऊन वस्तीवर, पुन्हा परत. जळणाची मोळी वस्तीवर, पुन्हा परत. सबनीस सरांनी सुरुवातीला तिच्यामागे जायचा प्रयत्न केला. मग ते टिकलीच्या मागे राहिले. दुपारनंतर तेही आंब्याखाली आले आणि त्यांनी बूट काढले.

पाचला शेळ्या वाड्यात आल्या. बँड मोबाईलला जोडले. टिकली, माना हलवण्यासकट, नऊ हजारांच्या आत. सुवर्णा एकवीस हजार आणि वर काही. सर चौदा हजार, आणि त्यांची रेघ सकाळपासून लाल. टिकलीची रेघ दिवसभर हिरवीगार होती. एकदाच ती लाल झाली होती, सर बँड नीट बसलाय का ते बघायला तिच्या अंगावर गेले तेव्हा.

धोंडिबांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, “हे मला इचारलं असतं तर म्या सकाळीच सांगितलं असतं.”

सर हसले, पहिल्यांदाच. मग ते माझ्या मोबाईलमध्ये सुवर्णाच्या जुन्या नोंदी मागे मागे सरकवत बघू लागले. आता त्यांना आकड्यांवर संशय नव्हता, म्हणून ते नीट वाचत होते. जरा वेळाने त्यांनी सुवर्णाला बोलावलं.

“डोंगर चढताना तुझी रेघ हिरवी आहे. कॉलेजच्या दिवशी सकाळीही बहुतेक हिरवी. पण रोज चार ते साडेपाच ही लाल आहे. तेव्हा तू एक पाऊलही चालत नाहीस. काय करतेस त्या वेळी?”

“स्टँडवर बसलेली असते सर.”

“नुसती बसलेली?”

“एसटीची वाट बगत. साडेचारची कदी येती, कदी न्हाई. उशिरा आली की फाट्यावर उतरूस्तवर अंधार पडतो. मग वर रानात…” ती थांबली. “आण्णा बॅटरी घिऊन निम्म्यात येत्यात. पर निम्म्यापत्तूर एकटीच.”

“आणि परीक्षेचा ताण?”

“परीक्षेचा न्हाई एवढा. पेपर बसून लिवायचा असतो.”

सरांनी मोबाईल माझ्या हातात दिला. त्यात आणखी एक लाल तुकडा होता, रोज मधल्या सुट्टीतला, मैदानाच्या दहा फेऱ्यांचा. तो कुणामुळे होता हे मला विचारावं लागलं नाही.

मी धोंडिबांना मुलींच्या वसतिगृहाविषयी विचारलं. ते म्हणाले, पहिल्या वर्षी अर्ज केला होता, नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी तो अर्ज शोधून काढला. अर्जात ‘एसटी थांबा ते कॉलेज’ हे अंतर विचारलं होतं. ते जवळ म्हणून अर्ज बाद. थांबा ते घर किती, हा रकानाच नव्हता. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि या वेळी दाखला न मागता सही केली. धोंडिबा तयार व्हायला दोन दिवस लागले. “शेळ्यांमागं कोन जानार?” हा त्यांचा प्रश्न खरा होता. शेवटी तेच म्हणाले, “पेपर हुईपत्तूर ऱ्हाऊ द्या. म्या बगतो.”

समितीचं पत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आलं. ‘सदर नोंदी शेळीच्या चालण्याच्या क्षमतेबाहेरच्या असल्याने त्या विद्यार्थिनीच्याच असल्याचे निष्पन्न होत आहे.’ सुवर्णाचा अर्ज त्या दुपारी घेतला गेला. क्लार्कने शिक्का मारला तेव्हा मी खिडकीशी उभी होते. पोरीने पावती चार घड्या करून कंपासपेटीत ठेवली आणि मधल्या सुट्टीची वेळ झाली म्हणून सवयीने मैदानाकडे निघाली. मी तिला हाक मारून परत बोलावलं आणि डबा संपव म्हणून सांगितलं.

वसतिगृहात गेल्यावर सुवर्णाची पावलं पाच हजारांवर आली. चार ते साडेपाचची रेघ हिरवी झाली. ती त्या वेळात अभ्यास करायची, कधी नुसती झोपायची. तीन महिन्यांनी पुण्याहून अंतिम अहवालाआधीची तपासणी आली. सबनीस सर तोवर दुसऱ्या उपक्रमावर गेले होते. नव्या समन्वयकांनी लिहिलं होतं, की या विद्यार्थिनीची हालचाल घटली असूनही ताण घटला आहे, नोंद विसंगत आहे, दुरुस्त करून पाठवा.

“काय दुरुस्त करायचं मॅडम?” प्राचार्यांनी विचारलं.

“काही नाही सर. बरोबर आहे ते.”

आम्ही नोंद तशीच परत पाठवली. छापील अहवाल आला तेव्हा सुवर्णाचं नाव यादीतून वगळलेलं होतं. टिकली मात्र होती. बेताची हालचाल, पुरेशी विश्रांती, नियमित आहार आणि सर्वांत कमी ताण. तृतीय वर्षाच्या या विद्यार्थिनीची दिनचर्या इतरांनी आदर्श म्हणून समोर ठेवावी, अशी खाली शिफारस होती. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं की ही मुलगी कोण, तिचा वार्षिक समारंभात सत्कार करू. मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी अहवाल मिटून खणात ठेवला.

सुवर्णा पहिल्या झटक्यात पास झाली. मुलांची हालचाल मोजायला अजूनही दर वर्षी कुठून ना कुठून फॉर्म येतात आणि ते अजूनही माझ्याकडेच येतात. मी ते लगेच वाटत नाही. आधी एकेकाला समोर उभं करते आणि तोंडी विचारते, घरून कितीला निघालास. ज्याचं उत्तर सहाच्या आधीचं असतं, त्याला मी मैदानावर पाठवत नाही.